कालीघाटचे पट : उपहासाची भाषा आणि तिची मर्यादा

कलकत्त्याच्या दक्षिण भागात आदिगंगेच्या काठी असलेल्या कालीमंदिराच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात जे पट विकले जात, त्यांना सामाजिक उपहासाची चित्रे म्हणून ओळखण्याचा प्रघात आता इतका रूढ झाला आहे, की त्या विधानाची फोड करण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. छानछोकीत बुडालेला बाबू, त्याला नादी लावणारी गणिका, केरसुणी उगारणारी स्त्री, तोंडात मासळी धरलेले टिळेधारी मांजर आणि तारकेश्वरचा महंत ही या उपहासाची ठरलेली उदाहरणे होत. ती एका ओळीत मांडली जातात, आणि त्या सर्वांचा धर्म एकच आहे असे गृहीत धरले जाते. वस्तुतः मांजराच्या चित्रातील उपहास ज्या रीतीने सिद्ध होतो, त्या रीतीने तो बाबूच्या चित्रात सिद्ध होत नाही. आणि स्त्रीच्या चित्रात तो मुळात कोणाचा उपहास आहे, हाच वादाचा प्रश्न आहे. चित्रे एकाच हाताची, एकाच कागदावरची आणि एकाच किमतीची असली म्हणून त्यांचे अर्थ एकाच वाटेने येतात असे नाही.

आजचे कालीमंदिर १८०९ मध्ये पुरे झाले. यात्रेकरूंची रीघ वाढत गेली, तशी मेदिनीपूर, चोवीस परगणा इत्यादी भागांतील पटुआ कुटुंबे मंदिराभोवतीच्या गल्ल्यांत येऊन राहिली. खेड्यापाड्यांतून हिंडणारा पटुआ लांब गुंडाळीपट हळूहळू उलगडीत जाई, आणि एकेका चौकटीवर बोट ठेवून त्या प्रसंगाचे गाणे म्हणे. चित्र आणि गाणे मिळून त्याचा व्यवसाय होता. शहरात हे गणित बदलले. देवदर्शन आटोपून परतणाऱ्या माणसास तासभर पट ऐकत बसण्याची सवड नव्हती. त्याला सोबत नेण्याजोगी एक वस्तू हवी होती. गिरणीचा स्वस्त कागद, पाण्यात कालवलेले रंग, दागिन्यांच्या जागी कथलापासून केलेला रुपेरी रंग, मागे कोरी मोकळी जागा आणि एक किंवा दोन ठसठशीत आकृती, असा सुटा चौकोनी पट या गरजेतून निर्माण झाला. किंमत पैशापासून आण्यापर्यंत. घरातील एकाने रेघ काढावी, दुसऱ्याने अंगाचा रंग भरावा, आणखी कोणी कडेकडेने छाया द्यावी, अशी कामाची वाटणी असे. बायकामुलांचा हातही त्यात लागे. मुकुल दे यांनी या कामाच्या रीतीविषयी आणि शेवटच्या पिढीतील निवारणचंद्र घोष, कालीचरण घोष या चित्रकारांविषयी जी माहिती नोंदवून ठेवली, ती नसती तर एवढेही आज सांगता आले नसते.

या स्थित्यंतराचे वर्णन कलेतिहासकारांनी पुष्कळ केले आहे. परंतु भाषेच्या दृष्टीने त्यातील जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती बहुधा निसटून जाते. गुंडाळीपटाचा चौकोनी पट झाला तेव्हा गाणे गळाले. चित्र राहिले आणि त्याचा अर्थ सांगणारा आवाज गेला. उत्तर कलकत्त्यातील बटतला भागात याच काळात लाकडी ठशांवरून छापली जाणारी चित्रे निघत. त्यांत आकृतीच्या आसपास नाव, मथळा, कधी एखादी ओळ कोरलेली सापडते. कालीघाटच्या पटावर बहुधा अक्षर नसते. देवदेवतांच्या पटांत यामुळे काही बिघडत नाही, कारण जिभ बाहेर काढून उभ्या असलेल्या कालीला ओळखण्यास मथळा लागत नाही. परंतु उपहासाचे तसे नाही. उपहासाला दोन गोष्टी एकदम दिसाव्या लागतात : मनुष्य काय असल्याचे दाखवतो ती, आणि तो खरोखर काय आहे ती. मूक चित्रात ही दुसरी गोष्ट आणावी कशी, हा पटुआपुढील खरा प्रश्न होता.

तो त्याने प्रथम सोडवला तो लोकांच्या बोलीचा आधार घेऊन. टिळेधारी मांजराचे चित्र याचा उत्तम नमुना होय. कपाळावर वैष्णवांचा टिळा आणि तोंडात मासा किंवा भलीमोठी कोळंबी, एवढाच त्या चित्राचा ऐवज. 'बिडाल-तपस्वी' हा शब्द बंगालीत ढोंगी साधूसाठी रूढ आहे. त्याची मुळे फार खोल आहेत. मनुस्मृतीत 'बैडालव्रतिक' हा शब्द याच अर्थी येतो; महाभारताच्या उद्योगपर्वात तपस्वी मांजराची कथा आहे; आणि महाबलिपुरम् येथील सातव्या शतकातील प्रचंड शिल्पपटात हात उंचावून तप करणारे मांजर व त्याच्या पायाशी उंदीर कोरलेले आहेत. पटुआने यातले काही वाचले होते असे मानण्याचे कारण नाही. त्याला शब्द ठाऊक होता आणि विकत घेणाऱ्यालाही तो ठाऊक होता. चित्र पाहताच घेणाऱ्याच्या तोंडून शब्द निघे, आणि चित्राला नसलेला मथळा अशा रीतीने मिळे. त्यातील मासळीही अर्थपूर्ण आहे. बंगाल्यात मासे खाणे हा दोष नव्हे; तो दोष ठरतो तो मासे वर्ज्य करणाऱ्या वैष्णव बैराग्याच्या बाबतीत. शिवाय हे चित्र विकले जाई ते शाक्तांच्या देवीच्या दारात, जेथे बोकडाचा बळी ही नित्याची गोष्ट. या हसण्यात पंथापंथांतील जुनी कुरबूरही मिसळलेली आहे, हे विसरून चालणार नाही.

गळ्यात दोरी बांधलेल्या, माणसाचे तोंड आणि मेंढ्याचे अंग असलेल्या बाबूचे चित्रही याच जातीचे. कामरूपच्या स्त्रिया पुरुषांना मंत्राने मेंढा करून ठेवतात ही समजूत पूर्व हिंदुस्थानात जुनी आहे, आणि बायकोच्या किंवा रखेलीच्या मुठीत गेलेल्या पुरुषाला 'भेडा' म्हणणे हा बंगाली बोलीचा नित्याचा भाग आहे. स्त्रीराज्यात अडकलेल्या मच्छिंद्रनाथाची कथा ज्यांनी नवनाथांच्या पोथीतून ऐकली आहे, त्या मराठी वाचकास ही कल्पना परकी वाटू नये. चिचुंद्र्यांच्या मैफलीचे चित्रही असेच. बाहेर धोतराच्या निऱ्यांचा झोक आणि घरात चिचुंद्र्यांचे कीर्तन, अशा अर्थाची एक बंगाली म्हण आहे. आपण 'बडा घर पोकळ वासा' म्हणतो तोच तिचा भाव. या तिन्ही ठिकाणी चित्र बोलीतील वाक्प्रयोग अक्षरशः खरा मानते. लक्षणेने बोललेले अभिधेने काढून दाखवणे, हीच येथे उपहासाची युक्ती आहे. ती अचूक लागते, कारण निशाणा भाषेने आधीच धरून ठेवलेला असतो.

बाबूच्या चित्राकडे वळले की ही खात्री राहत नाही. 'बाबू' या शब्दाचा इतिहास येथे पाहण्याजोगा आहे. नावापुढे जोडण्याचे हे आदरार्थी पद. बंगालीत ते आजही त्या अर्थी चालते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच त्याला दुसरा, उपरोधाचा अर्थ चिकटला. भवानीचरण बंद्योपाध्याय यांचे 'नवबाबुविलास' १८२५ चे, मायकेल मधुसूदन दत्तांचे 'एकेइ कि बले सभ्यता' १८६० चे, कालीप्रसन्न सिंह यांचे 'हुतोम प्यांचार नक्शा' १८६२ चे. बंकिमचंद्रांचा 'बाबू' हा निबंध १८७४ च्या 'लोकरहस्य'मध्ये आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनी तोच शब्द कारकुनाला लावला आणि त्याला तुच्छतेची तिसरी छटा दिली. मराठीत तो आला तो बहुतांशी या तिसऱ्या छटेसह. सुटे शब्द आदर आणि उपहास दोन्ही एकाच वेळी वाहू शकतात, आणि त्यांतले कोणते घ्यायचे ते वाक्यावरून ठरते. पटुआने काढलेला बाबू असा वाक्याबाहेरचा शब्द आहे. डोक्यावर 'आल्बर्ट' पद्धतीचा भांग, खांद्यावर शाल, चुणीदार धोतर, पायांत बकलांचे बूट, हाती हुक्क्याची नळी, बैठकीला विलायती खुर्ची. हे सारे काढताना रेघेत कोठेही तिरस्कार नाही. ती ठळक, डौलदार आणि रमून काढलेली आहे. त्याहून विलक्षण गोष्ट अशी, की पटुआंचा कार्तिकेय हुबेहूब असाच दिसतो : तोच भांग, तेच धोतर, तेच बूट, फक्त बसायला मोर. देवाला बाबूचा वेश देण्यात देवाची थट्टा अभिप्रेत नव्हती. शिवपार्वतीचा हा मुलगा देखणा, नटवा असल्याची बंगाली कल्पना होती आणि देखणेपणाचे चालू माप बाबू हे होते. मग तोच वेश खुर्चीवरच्या माणसाच्या अंगावर आला की तो मात्र उपहास ठरतो, असे म्हणण्यास आधार कोणता?

आर्चर यांनी १९५३ मध्ये आणि पुन्हा १९७१ मध्ये या चित्रांचा जो आलेख मांडला, त्यात बाबू आणि गणिका यांच्या चित्रांना नीतिपर उपरोधाचा अर्थ दिला आहे. सुमंत बॅनर्जी यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात या चित्रांना रस्त्यावरच्या लोकसंस्कृतीच्या संदर्भात बसवले : कांसारीपाड्याची सोंगे, चव्हाट्यावरची गाणी आणि कालीघाटचे पट ही सर्व खालच्या थरांतून वरच्या थरांकडे फेकलेली हास्याची शस्त्रे होत, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. ज्योतींद्र जैन यांनी १९९९ मध्ये नाटक आणि छायाचित्र यांचा या पटांवरील ठसा दाखवला. पडदे, खुर्च्या आणि उभे राहण्याच्या ढबी फोटोशाळेतून व रंगमंचावरून आल्या, हे त्यांचे निरीक्षण मोलाचे आहे. या तिघांत बॅनर्जी यांची भूमिका सर्वांत आकर्षक आहे, आणि म्हणूनच तिची परीक्षा अधिक काटेकोरपणे व्हावयास हवी. सोंगे काढणारा कांसार बाबूच्या दारावरून वाजतगाजत जातो. त्याचा आवाज बाबूच्या कानी पडावा हाच हेतू असतो. पटुआचे गिऱ्हाईक यात्रेकरू आहे. त्याला शहराचे नवल घरी न्यायचे आहे. नवल दाखवणाऱ्याला थट्टाही करता येते आणि कौतुकही. एकाच आण्यात दोन्ही विकता आली तर धंद्याला ते बरेच. लोककलेत बंड शोधण्याची अभ्यासकांची आवड समजण्यासारखी आहे, परंतु बाजाराचा हा साधा हिशेब तिच्यापायी पुसला जाऊ नये.

तथापि बाबूच्या चित्रातील संदिग्धता फारशी कोणाला बाधत नाही. ती जेथे बाधते, जेथे आकृतीच्या अर्थावर एखाद्या व्यक्तीचा दोषादोष ठरतो, ते स्थळ म्हणजे तारकेश्वरच्या प्रकरणाचे पट.

प्रकरण १८७३ चे. नवीनचंद्र बॅनर्जी हा कलकत्त्यातील एका सरकारी छापखान्यात नोकरीस होता. त्याची सोळा वर्षांची पत्नी एलोकेशी हुगळी जिल्ह्यातील तारकेश्वरनजीक कुमरूल गावी वडिलांकडे राहत असे. तारकेश्वरच्या शिवमंदिराचा महंत माधवचंद्र गिरी याच्याशी तिचा संबंध आला. अपत्यप्राप्तीच्या औषधासाठी तिला त्याच्याकडे नेण्यात आले आणि त्यात घरच्यांचे संगनमत होते, असे तेव्हाच बोलले गेले. नवीन गावी आला, त्याच्या कानी ही गोष्ट गेली. त्याने तिला क्षमा केली, तिला घेऊन निघून जाण्याचा प्रयत्न केला; महंताच्या माणसांनी वाट अडवली; आणि २७ मे रोजी त्याने मासे चिरण्याच्या विळीने तिची हत्या केली. श्रीरामपूरच्या खटल्यात ज्यूरीने त्याला वेडाच्या भरात केलेले कृत्य म्हणून दोषमुक्त ठरवले. न्यायाधीशांना ते न पटून प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि तेथे जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. लोकांच्या अर्जविनंत्यांनंतर १८७५ मध्ये त्याची सुटका झाली. महंताला व्यभिचाराच्या गुन्ह्याबद्दल तीन वर्षे सक्तमजुरी आणि दोन हजार रुपये दंड ठोठावण्यात आला.

बंगालभर या खटल्याने जी खळबळ उडाली, तिच्यावर प्रहसने निघाली, गाणी झाली, बटतल्यात पुस्तिका छापल्या गेल्या. आणि कालीघाटच्या पटुआंनी एकामागून एक पट काढले. देवळात झालेली भेट, महंताच्या बैठकीत विडा देणारी एलोकेशी, विळी उगारलेला नवीन, घाव, धडावेगळे झालेले शिर, न्यायालय, तुरुंगात घाणा ओढणारा महंत. समकालीन घटना इतक्या विस्ताराने या पटांत दुसऱ्या कोणत्याही प्रसंगी आलेली नाही. हे पट उपहासाचे शिखर मानले जातात. महंतापुरते ते खरेही आहे. घाणा ओढणारा महंत पाहताच बंगाल्याला 'कोलूर बलद', म्हणजे तेल्याचा बैल, आठवतो. मराठीतही माणूस घाण्याला जुंपला जातो तो याच अर्थाने. तुरुंगात कैद्यांकडून घाणा ओढवून घेत ही वस्तुस्थिती होती, आणि बोलीत ती अगोदरच लाचारीची प्रतिमा होती. मठाच्या गादीवर बसलेला मनुष्य बैलाच्या जागी आला. मांजराच्या पटातील युक्ती येथे पुन्हा, आणि अधिक धारदारपणे, वापरलेली दिसते. संन्याशी तर मांजराचाच भाऊ. त्याच्यासाठी भाषेने शस्त्र आधीच परजून ठेवले होते.

एलोकेशीसाठी असे काहीही नव्हते. पटुआजवळ स्त्रीची आकृती एकच होती. मत्स्याकार लांब डोळे, वळणदार भुवया, चंद्रासारखा भरीव चेहरा, पाठीवर किंवा खांद्यावर सुटलेले केस, वर्तुळाकार बाह्यरेषेत बसवलेले अंग आणि साडीचा ओघवता काठ. हीच आकृती हातात गुलाब घेऊन बसली की गणिका. तबल्यावर हात ठेवला की तीच. केरसुणी उगारली की कजाग बायको. मांडीवर गणेश असला की पार्वती. अर्थ आकृतीत नाही, तो हातातल्या वस्तूत आहे. व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर प्रकृती एक आणि प्रत्यय अनेक. ही काटकसर हा या शैलीचा दोष नव्हे; एरवी ते तिचे बळच आहे, कारण तिच्यामुळेच आणा-पैशांत चित्र देता येई आणि तिच्यामुळेच रेघेला एवढी सफाई आली. परंतु एलोकेशीच्या हाती पटुआने कोणती वस्तू दिली? विडा. विडा पत्नीही देते, यात शंका नाही. घरच्या माणसाला विडा करून देणे हे कुलस्त्रीचे नित्यकर्म होते. पण पुढ्यात पतीऐवजी दुसरा पुरुष आहे, जवळ हुक्का आहे, आणि आकृती तीच आहे जिला यात्रेकरूने शेजारच्या दुकानात गुलाबासह पाहिले आहे. वाक्य पुरे झाले. अजाण मुलीला औषधाच्या निमित्ताने कोणी तरी तेथे आणून बसवले, ही शक्यता या वाक्यात मांडण्यास पटुआच्या भाषेत शब्दच नव्हता. संमती आणि बळजबरी यांतला भेद दाखवणारा प्रत्यय त्या व्याकरणात नाही.

यावर असा आक्षेप येऊ शकतो, की हत्येच्या पटांत करुणा आहे; खाली कोसळणारी एलोकेशी पाहणाऱ्याचे मन द्रवते. आक्षेप योग्य आहे, आणि त्या पटांतील रेघेचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. वर उठलेला हात, खाली ओघळत गेलेले अंग आणि दोहोंमधला तो मोकळा कागद, इतकी कमी सामग्री घेऊन इतका आघात या शैलीत अन्यत्र क्वचितच साधलेला आहे. परंतु करुणा आणि निर्दोषता या दोन वेगळ्या गोष्टी होत. मेलेल्या व्यक्तीबद्दल हळहळ वाटण्यास तिला निर्दोष मानावे लागत नाही. तनिका सरकार यांनी या प्रकरणाच्या विवेचनात दाखवले आहे, की लोकमताची सहानुभूती प्रामुख्याने नवीनकडे वाहिली : प्रेमळ, फसवला गेलेला, अखेर प्रेमापोटीच मारणारा पती. त्या लोकमताचे चित्र पटात जसेच्या तसे सापडते. नवीन बाबूच्या वेशात आहे, आणि येथे मात्र त्या वेशावर कोणी हसत नाही. एका पटात जो भांग आणि जे धोतर हास्यास्पद म्हणून वाचले जाते, तेच दुसऱ्या पटात नायकाचे ठरते. बाबूची आकृती प्रसंगानुसार दोन्हींकडे वळू शकते. स्त्रीच्या आकृतीला मात्र गणिकेच्या पटांची आठवण चिकटून राहते, आणि हत्येच्या पटातही ती सुटत नाही.

कायद्याची भाषाही त्या वेळी याहून फारशी संपन्न नव्हती, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. महंतावरील आरोप १८६० च्या दंडसंहितेच्या ४९७ व्या कलमाखालचा होता. त्या कलमान्वये व्यभिचार हा पतीविरुद्ध परपुरुषाने केलेला अपराध. पत्नी त्यात आरोपी नव्हे आणि फिर्यादीही नव्हे. (भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवले.) बळजबरी झाली की संमती होती हा प्रश्न त्या आरोपासाठी विचारण्याचे कारण नव्हते, आणि ज्या एकीला तो विचारता आला असता ती मृत होती. न्यायालयाने दोन पुरुषांतील तंटा निकालात काढला. पटुआने तोच तंटा रंगवला.

रंगभूमीची साक्षही याच दिशेने जाते. १८७३ मध्येच कलकत्त्याच्या बेंगॉल थिएटरने स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांकडून करवून घेण्यास सुरुवात केली, आणि त्या स्त्रिया वेश्यावस्तीतून आणलेल्या होत्या. त्याच रंगमंचावर त्याच वर्षी 'मोहन्तेर एइ कि काज' हे तारकेश्वर प्रकरणावरील नाटक झाले. पटांवर रंगमंचाचा ठसा आहे हे जैन यांचे म्हणणे मान्य केले, तर कुलस्त्री आणि गणिका यांच्या रूपांची सरमिसळ पटुआच्या कुंचल्यापुरती मर्यादित नव्हती, हेही मान्य करावे लागते. शहराच्या दृश्य जगात सार्वजनिकरीत्या दिसणारी स्त्री म्हणजे गणिका, असे समीकरणच होते. घरंदाज स्त्री पडद्याआड असल्याने तिची प्रतिमा बाजारात नव्हती. खटल्यामुळे एलोकेशी चव्हाट्यावर आली, आणि चव्हाट्यावर उपलब्ध असलेले एकमेव रूप तिला मिळाले. फरक एवढाच, की नाटकाला संवाद होते. लिहिणाऱ्याने मनात आणले तर एलोकेशीला चार वाक्ये बोलता येत. गाणे गमावलेल्या पटात तिला तोंड नव्हते.

योगायोग असा, की अश्लीलतेच्या निर्मूलनासाठी कलकत्त्याच्या प्रतिष्ठितांनी आपली सभा स्थापन केली तेही वर्ष १८७३ च. तिचा रोख रस्त्यावरच्या सोंगांकडे आणि बटतल्याच्या छापील मालाकडे होता. पटांचा अंत मात्र नीतिरक्षकांनी केला नाही. १८७८ मध्ये निघालेला कलकत्ता आर्ट स्टुडिओ, जर्मनीत छापून येणारी रंगीत चित्रे, आणि पुढे मुंबईत १८९४ मध्ये सुरू झालेला राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना, यांनी देवादिकांची गुळगुळीत चित्रे घरोघर पोचवली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत पटुआंचा धंदा बसला. गगनेंद्रनाथ ठाकुरांनी १९१७ पासून आपली व्यंगचित्रे शिळाछापावर काढून संग्रहरूपाने प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी चित्रांखाली मथळे घातले. उपहासाला शब्दाची जोड लागते, ही गोष्ट त्या सुशिक्षित चित्रकाराने पक्की ओळखली होती. यामिनी राय यांनी उलट मार्ग धरला. त्यांनी पटुआची रेघ आणि तो लांब डोळा उचलला, आणि उपहास मागे ठेवला. राय यांच्या चित्रांतील स्त्री कोणाचीच टवाळी करीत नाही आणि कोणाच्याही दोषाची खूण नाही. आकृती आणि उपहास वेगळे करता येतात, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मागण्याची गरज नाही.

आज या पटांचा सर्वांत मोठा साठा लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यातील मोठा भाग जॉन लॉकवुड किपलिंग यांनी जमवलेला असून त्यांचे पुत्र रुडयार्ड यांनी तो १९१७ मध्ये संग्रहालयास दिला. हे लॉकवुड किपलिंग लाहोरला जाण्यापूर्वी मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत अध्यापक होते. संग्रहालयांत आणि ग्रंथांत तारकेश्वरचे पट घटनाक्रमाने लावलेले असतात : भेट, विडा, घाव, खटला, घाणा. हा क्रम अभ्यासकांनी लावलेला आहे, आणि तो वाचनाची दिशा ठरवतो. पट विकले जात ते सुटे. त्यांवर क्रमांक नव्हते. एखाद्या यात्रेकरूने घाण्याचा पट घेतला असेल, तर त्याच्या घरी महंताची शिक्षा पोचली. आणि ज्याने विड्याचा पट घेतला, त्याच्या भिंतीवर एक संन्याशी, एक हुक्का आणि विडा पुढे करणारी एक सुंदर स्त्री राहिली. हीच आकृती एकटी, हातात फूल घेऊन असली, की काही सूचिपत्रांत तिला 'गणिका' म्हटलेले आढळते आणि काहींत नुसते 'सुंदरी'. त्या दोन शब्दांपैकी एक निवडताना सूचिकाराने पटातील कोणत्या रेघेचा आधार घेतला, हे त्या सूचीत सांगितलेले नसते.